मान हलल्याची नोंद

माझं यंत्र शब्द घेतं. तेवढंच घेतं.
खोकला नाही, उसासा नाही,
साक्षीदाराने मांडीवर पुसलेले तळवे नाहीत.
सव्वीस वर्षं याच खुर्चीत,
पिंजऱ्याच्या डाव्या हाताला.
खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसतं.
त्याची गाजही मी कधी टंकली नाही.

आज लिंडक्विस्टबाई ज्यूरीला कट समजावतायत.
चष्मा कपाळावर, कागद हातात,
बघतात मात्र बारा तोंडांकडे.

"जळालं काहीच नाही. मासे धुरावायची वखार
अजून उभी आहे, यावर दोन्ही वकिलांचं एकमत आहे.
या खटल्यात त्यांचं तेवढंच एकमत.
तरी तुम्हाला इथे बसवलंय,
कारण हा कायदा राखेची वाट बघत नाही.

आधी शोधा संगनमत.
त्याला सही लागत नाही, शपथ लागत नाही,
तोंडातून अवाक्षर न काढताही माणसं ठरवतात.
पण एका टेबलाशी बसणं म्हणजे ठरवणं नव्हे.
कानावर पडणं नव्हे.
जळली तर बरंच होईल, असं मनात येणंही नव्हे.
नाहीतर निम्मा गाव त्या बाकावर बसवावा लागेल."

चार नंबरच्या बाई हसल्या.
हसू मी घेत नाही.

"ते घडावं असा हेतू हवा, प्रत्येकाचा, स्वतःचा.
आणि मग एक पाऊल. तिघांतल्या कुणाचंही, एकच पुरे.
पाऊल आपल्या जागी निर्मळ असू शकतं.
रॉकेल मीही घेते, केबिनच्या दिव्यांसाठी."

रॉकेल घेतलं अर्विद हौगेनने.
अकरा डॉलर चाळीस सेंट, पावती, पुरावा क्रमांक सहा.
ट्रक काढला वेंडेलने,
मागचा दिवा फुटका म्हणून पुलाशी अडवला गेला.
आणि रेइनो कांगास?
रेइनो लिंगनबेरीचा केक खात होता.
अर्विदने विचारलं तेव्हा त्याने अशी...
वेट्रेसने करून दाखवली.
"साक्षीदाराने मान हलवली, अशी नोंद व्हावी,"
सरकारी वकील म्हणाले.
ती मान मी घेतली, तीन शब्दांत.
होकार होता की घास उतरत होता,
ते तीन शब्दांच्या कुठल्या फटीत बसतं?

जेवणाच्या सुट्टीत सफरचंद कापताना
उगाच हिशेब लागला.
मी आणि माझी बहीण इंगा.
बाबांची बोट विकायची, असं आम्ही कधीच बोललो नाही.
दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या टपावरून
तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.
सोमवारी मी गिऱ्हाइकाला फोन केला.
संगनमत. हेतू. पाऊल.
तो गुन्हा नव्हता, कबूल.
बाबा अजून रोज सकाळी विचारतात,
दोर नीट बांधलेत ना गं?
मी मान हलवते.

तिसऱ्या दिवशी आतून चिठ्ठी आली:
मान किती हलली की तिला होकार म्हणायचं?
लिंडक्विस्टबाईंनी तोच परिच्छेद पुन्हा वाचला,
त्याच चालीत.
मीही पुन्हा टंकला. दुसऱ्यांदा तो काही
अधिक कळला नाही.

मग निकाल. त्यानंतर एकेकाला विचारायची रीत:
हाच तुमचा निकाल?
हो.
हो.
हो, मॅडम.
नऊ नंबर, लाकडाच्या गिरणीतला म्हातारा सालमेला,
रेइनोच्या बायकोकडे बघत राहिला
आणि त्याने मान हलवली.

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.
"मोठ्यांदा बोला," त्या म्हणाल्या, हळुवारच,
"नुसती मान आम्हाला चालत नाही.
यांना टंकायचंय."

माझी बोटं
कळांच्या वर, तशीच.