जागा सांगत नसतात

रुपसिंगमामानं पोतडीतून बेचाळीस फास मोजून दिले.
खुंट्या बाभळीच्या, गाठी त्याच्या डाव्या हाताच्या.
तितराची शीळ दिली, नराची,
आणि रुसलेल्या मादीचीही, ती जास्त अवघड.
जागा दिली नाही.
'जागा सांगत नसतात,' म्हणाला,
आणि कळण्याच्या भाकरीवर ठेचा पसरत राहिला.
मी उठलो तेव्हा फक्त एवढं:
'रुळापलीकडं नको जाऊ. तिकडं नुसते काटे.'

पौषातली पहाट. बोरी नदीत
वाळू उपसून उरलेले खड्डे,
खड्ड्यांत पाणी, पाण्यावर डिझेलचा तवंग.
मी तितर असतो तर इथं उतरलो नसतो.

केळीच्या बागेत शिरलो.
ठिबकच्या नळ्या पायात येत होत्या,
आणि खाली गवताचं एक पातं नाही,
औषध मारून सगळं जाळलेलं.
पाखराला लपायला पदर लागतो,
केळीचा पदर फार उंच.

भटूनानाच्या दादरच्या धसकटांत मात्र
शीट होती, ताजी,
धुळीत आंघोळीचे खळगे,
करड्या रेघांचं एक पीस.
मी वाकलो, तेवढ्यात बांधावरून:
'कोना पोऱ्या शे रे तू?'
नाव सांगितलं. मग आडनाव.
आडनावानंतर जे होतं ते झालं.
माझ्यासमोर विहिरीवरच्या मोटारीचे बोल्ट मोजले गेले,
सगळे जागेवर निघाले,
तरी नाना म्हणाला, 'निंघ आठेन.'

केवळबाईनं निदान चहा दिला, बशी वेगळी, पण गरम.
तिचा मका रानडुकरांनी आडवा केलेला.
'तितरं काय मांगस? पहिले ती डुक्करं धर,' म्हणाली,
'मंग वावर तुनंच समज.'
माझ्या बेचाळीस फासांत मिळून
डुकराचं एक शेपूट मावलं नसतं.
मी हो म्हटलं आणि बशी धुऊन ठेवली.

गायरान उरलं होतं. म्हणजे मामाच्या तोंडी उरलं होतं.
तिथं आता सोलारचे काळे पत्रे,
रांगेनं सूर्याकडे माना केलेले,
भोवती तारा, तारांना पाटी,
पाटीखाली खुर्ची, खुर्चीत झोपलेला वॉचमन.
उत्तरेला सातपुडा दिसत होता, निळा, फार लांब,
आणि तिथंही म्हणे पावती विचारतात.

दुपार कलली. पाय आपोआप रुळाकडे.
सुरतेकडची मालगाडी जात होती,
डबे मोजता मोजता एकोणसाठावर चुकलो.
गाडी गेली. रूळ थोडा वेळ गुणगुणले.
मग काहीच नाही.
मग त्या काहीच नाहीच्या आतून
एकदम
का-तितर, का-तितर, का-तितर,
आणि दुसऱ्या कडेनं उत्तर.

रूळ आणि कपाशी यांच्यामध्ये
हिवरांची, बोरांची, कुसळांची एक पट्टी,
बैलगाडी आडवी लावली तर दोन्हीकडे टेकेल इतकीच.
सातबारा नसलेली. रेल्वेला नकोशी,
शेताला न पोचलेली.
मी गुडघ्यांवर आलो. तळहात मातीवर ठेवला,
ती भुसभुशीत होती, पंजांनी उकरलेली, कोमट.
बोललो कुणाशी नाही, पण मनात म्हटलं, सापडली.

आणि बोटाला खुंटी लागली.
बाभळीची. जुनी, मातीच्या रंगाची झालेली.
गळ्याला दोऱ्याचा तुकडा,
त्याला गाठ, डाव्या पिळाची.
चार पावलांवर दुसरी. मग तिसरी.

मी कितीतरी वेळ तिथंच बसलो.
तितरं बोलत होती, मला सामील धरून.
मग पहिली खुंटी होती तशी दाबली,
वर माती, मातीवर कुसळं, कुसळांवर फुंकर.
फास पोतडीतून काढलेच नाहीत.

मामा शेकोटीशी टाचा धरून बसला होता.
'कुठं हिंडलास?'
'बोरीकडं,' मी म्हटलं. 'काही नाही तिकडं. वाळू नुसती.'
त्यानं माझा पाय ओढून मांडीवर घेतला,
सुईनं टाचेतला काटा काढला,
जाळाच्या उजेडात धरून पाहिला बराच वेळ.
'वाळूत हिवर उगवाया लागला म्हणायचा,'
असं काहीसं पुटपुटला
आणि काटा जाळात टाकून दिला.