उणे चाळीसच्या खाली

कागदावर लिहिलंय : उणे चाळीसपर्यंत चालेल.
त्याखाली काय होतं
हे कागद सांगत नाही.
तिथून पुढे आमचं गाव सुरू होतं.

इंदिगिर्काच्या काठावर पत्र्याची पेटी,
पेटीत तळहाताएवढा हिरवा बोर्ड,
बर्फ किती जाड झाला
ते दर तासाला याकुत्स्कला कळवणारा.
पहाटे तीनला तो गप्प झाला.

दोख्सुन म्हणाला, मेला.
मी म्हटलं, गारठलाय.
तू घोडे राखतोस,
तुला फरक सांगायला नको.

हातमोजा काढला की वीस आकडे मोजायचे.
एकविसाव्याला बोटं आपली राहत नाहीत.
तेवढ्यात झाकण, तेवढ्यात दोन स्क्रू.
तिसरा ओठांत धरायचा नाही.
एकदा धरला होता, वण अजून आहे.

वायरचं वेष्टन काचेसारखं तडकलेलं.
कपॅसिटरच्या पोटातला द्रव थिजलेला.
पडद्यावर आठ पुरता पुसलेला नाही,
सात पुरता उमटलेला नाही,
दोघं एकमेकांत अडकून बसलेले.
चिप मात्र ठणठणीत. तिला थंडी मानवते.
तुटतं ते सांध्यांत :
दोन धातू आपापल्या मापाने आकसतात
आणि मधला डाख फाटतो.

'घरी ने, कुन्नेय. चुलीपाशी ठेव.'

मागच्या हिवाळ्यात त्यानेच ठेवला होता.
चहाची वाफ, ओल्या फरची वाफ,
आमच्या बोलण्याची वाफ,
सगळी त्या गार बोर्डावर जाऊन बसली
आणि आम्ही लगेच वीज दिली.
थंडीतून वाचलेला
उबेने गेला.

म्हणून आता पिशवीत, तोंड घट्ट बांधून.
रात्रभर बाहेरच्या खोलीत,
सकाळी उंबऱ्याच्या आत,
दुपारी टेबलावर.
तोवर उघडायचा नाही.

दोख्सुन पिशवीकडे बघत होता.
त्याचा भाऊ एल्लेय खाणीतून सात वर्षांनी आला
तेव्हा दारातच मिठ्या,
दारातच प्रश्न,
टेबलाभोवती अख्खं गाव.
तिसऱ्या दिवशी तो निघून गेला.
मी हे बोलले नाही.
त्याने चुलीत लाकूड सारलं, नको होतं तरी.

डाख दिला. वायर बदलली.
शेजारी एक साधा रेझिस्टर जोडला,
आधी पाच मिनिटं तो तापेल,
मग बाकीचे उठतील.
'आणि काम काय करतो हा?'
काहीच नाही. तापतो.
अंगणात त्याचा ट्रक नोव्हेंबरपासून घुरघुरतोय,
एकदाही बंद न केलेला.
त्याने तिकडे पाहिलं, मान हलवली.

पेटीत घोड्याच्या केसांची गादी घातली, झाकण लावलं.
अकराला पहिला आकडा गेला :
बर्फ, एक मीटर सहा.

संध्याकाळी दोख्सुनने एल्लेयला फोन लावला.
कसा आहेस विचारलं नाही.
कधी येतोस विचारलं नाही.
नदीवर एक मीटर सहा आहे, म्हणाला,
आणि बराच वेळ
फोन तसाच कानाला धरून बसला.