पान कानामागे

हेबेर म्हणतो, काप.
खालच्या कळ्यांना ऊन पोचत नाही,
वरची ही ताटाएवढी पानं
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूंसारखी
ऐसपैस पसरून बसलीत.
ओमार, माझा जावई, फोनवरून म्हणतो, हात लावू नका,
तेच तर झाडाचं स्वयंपाकघर.
चूल मोडून कुणी पंगत वाढतं का?

मी दोघांचंही ऐकतो.
एक्केचाळीस वर्षं केस कापले या गावात,
ऐकून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

साल्टोत फेब्रुवारी म्हणजे भट्टी.
दुपारी नदी इतकी गप्प, की वाटतं
पलीकडचा अर्जेंटिना उचलून अलीकडे ठेवावा.
शेडमागे माझी सहा झाडं,
सरकारदरबारी नोंदलेली.
माझ्या दुकानाचे कागद कधी इतके नीट नव्हते.
पूर्वी चोरून गांजा ओढणारे माझ्याच खुर्चीत बसत,
जरा जास्त कोलोन लाव म्हणत, घरी वास येईल.
आता तेच कुंपणावर कोपरं टेकून
सल्ले देतात.

बी झुल्माने रुजवलं, ऑक्टोबरात,
दह्याच्या रिकाम्या डब्यांत.
तेलाच्या दोन थेंबांनी तिच्या बोटांची पेरं
संध्याकाळी थोडी सैल होतात,
मातेचा पेला तिचा तिला धरता येईल,
एवढीच.
डॉक्टरला सांगितलं. तो चांगलं आहे म्हणाला
आणि कागदावर काही लिहिलं नाही.

तर कात्री.
झोलिंगेनची, बापाची, धार अजून शाबूत.
पानाला सात बोटं, एखाद्याला नऊ.
देठाशी कात्री नेली की पान जरा झुकतं.
वारा असतो, मला कळतं.
तरी वाटतं, गिऱ्हाईक मान पुढे करतंय.

शहात्तर साली
शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसवलं होतं मला.
कॉलरला टेकलेला केस चालत नव्हता त्या दिवसांत.
मागे एक गणवेशातला माणूस, सिगारेट ओढत.
मी तेवीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला,
पोरं पंधरा-सोळाची.
अठ्ठावीस मानी मोकळ्या केल्या सकाळभरात.
ऊन पडलं त्यांच्यावर,
कधी ऊन न पाहिलेली ती पांढरी कातडी.
एकजण रडला नाही,
फक्त खाली पडलेल्या केसांकडे बघत विचारलं,
हे मी घेऊन जाऊ का?
नको, मी म्हणालो. मागचा माणूस ऐकत होता.

तो हेबेर.
आम्ही त्यावर कधी बोललो नाही.
अठ्ठेचाळीस वर्षं तो माझ्याकडेच येतो
आणि आज कुंपणावरून म्हणतो, काप रे, बघतोस काय.

झुल्मा मागच्या दारातून आली.
माझ्या हातातल्या कात्रीकडे बघितलं, काही बोलली नाही.
वाकड्या बोटांनी एक मोठं पान उचललं
आणि फांदीच्या मागे हळूच खोचलं,
कपाळावरची बट पोरीच्या कानामागे सारावी तसं.
खालची कळी उघडी पडली,
बावळटासारखी उन्हात डोळे मिचकावत.
मग दुसरं. मग तिसरं, ते सुटलं,
तिने पुन्हा खोचलं.

बुंध्याशी एक पान पिवळं होतं.
त्याला तिने नुसतं बोट लावलं,
ते आपण होऊन हातात आलं.

संध्याकाळपर्यंत निम्मी पानं परत पुढे आली.
उद्या पुन्हा खोचू, ती म्हणाली,
आपल्याला दुसरं काय काम आहे?

हेबेर अजून उभाच होता कुंपणाशी.
असं नाही होत, म्हणाला, वेळ फुकट जातो.
आणि मानेवरून हात फिरवत राहिला,
जिथे आता कापण्यासारखं
काहीच उरलेलं नाही,
तरी महिन्यातून एकदा
तो माझ्या खुर्चीत येऊन बसतो
आणि मी कात्री हवेत चालवतो,
आवाज व्हावा म्हणून.