नववा खांदा

लातूरच्या मोंढ्यात आमची नऊ जणांची टोळी.
दिवसभराची पोती वहीत एकाच आकड्यात बसतात,
संध्याकाळी नागोराव नऊ वाटे करतो,
उरल्या चिल्लरीचा चहा.

आधी मी एकटा होतो, गोलाईत, गुळाच्या दुकानावर.
तेव्हा पोतं माझं होतं.
सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस,
झोपेतही मोजायचो.
टोळीत आलो अन् मोजणं सुटलं.
खरं सांगू? कंबर बरी झाली.

पहिल्याच हप्त्यात जरा जोरात पळालो
तर इराप्पानं थप्पीआड घेतलं,
"असं नको करू गड्या,
उद्या अडत्या सगळ्यालाच एवढं मागंल."
मग शिकलो.
ट्रक लागला की तहान कशी लागते,
चपलेचा अंगठा नेमका कधी तुटतो.

पोळ्यानंतरच्या सोमवारी
मन्मथअप्पाची तिजोरी हलवायची निघाली.
त्याच्या आज्याच्या काळातली, ओतीव.
आत काय, ते कुणी विचारू नये.
दोरखंड, दोन बल्ल्या, नऊ खांदे.
लिंबाजीनं "हां" म्हटलं
अन् आठ गळे ताठले.
नववाही ताठला.
पण नववा, म्हणजे मी,
बल्लीला खांदा नुसता टेकवून होतो.
दात आवळले, शिरा फुगवल्या,
घाम तर आपोआपच आला.

तिजोरी उठली.

अंगचोरी केली त्याचं एवढं नाही.
उठली, त्याचं वाईट वाटलं.

रात्री मैनोद्दीननं सगळ्यांचे खांदे चोळून दिले,
माझा जरा जास्तच वेळ.
वाटा आला तीनशे साठ.
दोनदा मोजला, बरोबर होता.
बायको म्हणाली, भाकर का मोडून ठेवलीय नुसती?

दुसऱ्या दिवशी तीच तिजोरी
नव्या गाळ्याच्या तीन पायऱ्या चढवायची.
मी बल्ली घेतली ती थेट हाडावर.
गुडघ्यात काहीतरी कट्कन बोललं,
डोळ्यांपुढं पांढरं झालं
तरी सोडली नाही.
बघणाऱ्याला काय दिसलं असेल?
नऊ ताठलेले गळे. कालच्यासारखेच.

टेकवल्यावर मैनोद्दीन धापा टाकत म्हणाला,
"आज हलकी लागली की रे."
"अप्पानं रात्रीतून रिकामी केली आसंल,"
लिंबाजी म्हणाला.
सगळे हसले.

मीही हसलो,
सगळ्यांइतकाच.