नववी बादली

भाड्याचा कॅमेरा, बॅटऱ्या तीन,
आणि उशियाने बापाची मासळीची व्हॅन विकली
त्यातून आलेले सतरा दिवस.
त्यातले पाच धुक्याने खाल्ले.

मी आवाज टिपायला. लांब काठीला माइक,
गुडघाभर चिखलात, गालिसियाच्या एका खाडीत,
जिथे बायका सुकतीला उतरतात,
कंबरेत वाकून वाळू ओढतात,
तिसऱ्या वेचतात.
नट्या परवडत नव्हत्या. म्हणून याच.

दोसिंदा पहिल्याच दिवशी म्हणाली,
"तू कट म्हण नाहीतर अॅक्शन म्हण, पोरी,
सव्वाअकराला पाणी फिरतं."
आणि फिरलं.
दुसरा टेक ट्रायपॉडसकट भिजला.

पटकथेत होतं:
होडी परत येत नाही. बाई धक्क्यावर कोसळते. हंबरडा.
दोसिंदाने कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.
"कोण रडलं?"
"म्हणजे... तुम्ही. तेव्हा."
"मी बादल्या धुतल्या. नऊ होत्या.
चार माझ्या, पाच एर्मितासच्या,
ती माझ्या पोरांना घेऊन घरी गेली होती ना."
मागून एर्मितास म्हणाली,
"आणि माझ्या नीट धुतल्या नव्हत्यास."
दोघी हसल्या. उशियाने कागदाची घडी केली,
अजून एक घडी केली, खिशात टाकली.

अॅक्शन कुणी म्हटलंच नाही.
ती नळाशी गेली, पहिली बादली उपडी केली.
माझ्या हेडफोनमध्ये
ब्रशची खरखर, प्लास्टिकवर पाण्याची धार,
लांब कुठेतरी डिझेलचं इंजिन.
सातवीला ब्रश थांबला.
मी श्वास धरला, माझा आवाज यायला नको म्हणून.
इंजिन जवळ आलं. गेलं.
मग आठवी.
नववीला हात घातला आणि
तिसरी बॅटरी संपली.

मार्चात लिलावाच्या शेडमध्ये चादर ताणली.
बर्फाच्या पेट्यांवर बसून त्या बघत होत्या
स्वतःची तोंडं सोडून बाकी सगळं:
ते फावडं माझं. कंबर बघ तुझी, आडवी झालीय.
त्या दिवशी भाव काय लागला होता गं?
बादल्या आल्या तशी शेड गप्प झाली.
पुढे अंधार, मग नावं, मग दिवे.

"एक राहिली," दोसिंदा म्हणाली,
टोपलीतली मोजणी चुकल्यावर म्हणतात
तशा आवाजात.
एर्मितासने पेटीवरून हात दिला,
तिला उठवलं.
उद्याची सुकती पाच चाळीसची होती.