अक्षराखाली टिंब

टोलेडोत, चर्चच्या तळघरात,
शनिवारी सकाळी नऊ ते बारा.
घडीच्या टेबलांवर फॉर्मांचे गठ्ठे,
कॉफीच्या पिंपाचा नळ गळका,
त्याच्याखाली कुणीतरी ठेवलेला
बाळाचा प्लास्टिकचा वाडगा.
बाहेर मॉमी नदी अर्धी गोठलेली.

लव्होंडा टिलरी कोट न काढताच बसलीय.
एकोणीस वर्षांपूर्वी तिनं एका चेकवर
बहिणीची सही केली होती.
रक्कम दोनशे बारा डॉलर.
बहिणीनं कधीच सोडून दिलं ते,
मग ती वारलीही.
चेक मात्र अजून जिवंत.
नर्सिंग होमच्या, शाळेच्या स्वयंपाकघराच्या,
घर भाड्यानं देणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर
एक चौकोन तिची वाट बघत असतो.

तिचा अर्ज भरून देणारे ऑर्व्हिल क्राउस
एकतीस वर्षं लॅटिन शिकवत होते,
शाळेनं लॅटिन बंद करेपर्यंत.
त्यांना राहवत नाही.
पेन थांबवून म्हणतात,
"एक्स्पंज. हा शब्द आला कुठून, सांगू?"
"रांग मोठी आहे," ती म्हणते. "सांगा."

एक्स म्हणजे बाहेर.
पुंगेरे म्हणजे टोचणं.
रोमन फौजेच्या यादीत, म्हणे,
सुटका झालेल्या शिपायाच्या नावाशी टिंबं देत.
मेलेला असो
की पेन्शन घेऊन घरी निघालेला,
टिंब सारखंच.

मग मठांतले नकलनवीस.
कातड्याचं पान महाग,
चाकूनं फार खरवडलं तर भोक पडायचं.
एखादं अक्षर चुकून जास्त उमटलं
तर त्याच्याखाली नुसतं एक टिंब.
वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं,
हे आहे, पण वाचायचं नाही.

"म्हणजे अक्षर तिथंच?"
"तिथंच. मी स्वतः पाहिलंय ॲन आर्बरला, काचपेटीत.
आठशे वर्षांपूर्वीचा एक जादा एस.
खाली टिंब."

ती बोटांकडे बघते.
पेरांवर सुईच्या खुणा.
गणवेशांवर नावं भरते ती सध्या,
प्लंबरची, बसड्रायव्हरची, पोरांच्या हॉकी संघाची.
अक्षर चुकलं तर उसवायचं.
"उसवलं तरी भोकं दिसतात," ती म्हणते.
"वाफ दिली की बुजतात. बरीचशी."

क्राउस हसत नाहीत.
अर्जाखालच्या रद्दी कागदावर
पेन्सिलनं लिहून ठेवतात, वाफ.

मी शेजारी स्टेपलर सांभाळतेय.
माझ्याकडे दुसरंच क्रियापद आहे.
पाटी पुसतात, डोळे पुसतात,
आणि वाटसरू वाटही पुसतो.
मिटवायला आणि विचारायला
आमच्याकडे एकच शब्द पुरला,
कुणाच्या काटकसरीनं, कोण जाणे.
हे इथं कुणाला सांगू?
तिचा सगळा अर्ज, चार पानं आणि दोन पुरवण्या,
माझ्या भाषेत एका ओळीत बसला असता:
पुसा, म्हणजे कुणी पुसणार नाही.

तारीख मार्चमधली मिळेल.
न्यायाधीश हो म्हणतीलच असं नाही.
आणि हो म्हटलं तरी
कुठल्याशा कपाटात, बंद पाकिटात
तो चेक राहील, टिंब घेऊन, न वाचता.
क्राउस हे तिला सांगतात,
लॅटिन सांगताना होता तो आवाज आता नसतो.

"सही इथं."
ती पेन घेते. क्षणभर थांबते,
जणू कुणाचं नाव लिहायचं हे आठवतेय.
मग एका दमात स्वतःचं नाव,
शेवटच्या अक्षराची शेपटी लांब.

"टिंब राहिलं," क्राउस म्हणतात.
ती दचकते. "कुठं?"
"आडनावात. आयवरचं."

ती पुन्हा वाकते
आणि अक्षराच्या डोक्यावर, जपून,
एक टिंब देते.

कोट अंगावरच होता.
सत्तावीस नंबरचा माणूस खुर्ची ओढतो.
वाडगा भरत आलाय.