शेवटची पाटी

हर्णैच्या वाळूवर तीस वर्षं माझा आवाज विकला जातोय.
म्हणजे सुरमई विकली जाते, पापलेट, म्हाकूल;
आवाज मागे उरतो.
रात्री जेवताना सुगंधा म्हणते, घरात तरी हळू बोला.

दापोलीच्या हॉलमधून बोलावणं आलं.
चित्रांचा लिलाव आहे म्हणाले, धर्मादाय,
पैसे जाणार समुद्रापलीकडच्या शाळांना.
पुकारायला तुम्ही या, पुण्याची माणसं येतायत,
त्यांना जरा बंदराची गंमत.
गंमत हा शब्द मी खिशात ठेवला
आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

छत्तीस चित्रं, भिंतीला टेकून.
सवयीनं वाकलो पहिल्यापाशी:
डोळा पांढरा पडलाय का, कल्ला लाल आहे का.
चित्राला कल्ला नसतो.
बर्फही लागत नाही.
आमच्याकडे ऊन कलतं तसा भाव उतरतो,
इथे मी पाण्याचा घोट घ्यायला थांबलो
तेवढ्यात पाच हजार चढले.
सुवर्णदुर्ग सात वेळा विकला, सात निळ्या रंगांत;
एकातही डिझेलचा तवंग नव्हता.

मधे पडद्यावर ती शाळा दाखवली.
मोझांबिकचा किनारा, वादळानं नेलेलं छप्पर,
एकेका पुस्तकावर चार चार डोकी.
माड मात्र आपलेच, तसेच पाण्याकडे वाकलेले.
आमच्या शाळेचे पत्रे त्या जूनमध्ये
आंजर्ल्याच्या खाडीत सापडले होते.
नवे कुणी पाठवले, कुणी विचारलं नाही.
खोक्यांवर कुठल्या तरी लिपीत काही होतं,
पोरांनी ती खोकी क्रिकेटच्या स्टंपांना लावली.

शेवटचं चित्र वीतभर.
उमैमा मुकादम, आठवी अ.
काळी दगडी पाटी, लाकडी चौकट,
आणि थुंकीनं आत्ताच पुसल्यासारखा एक फराटा.
अक्षर एकही नाही.
"पाचशे," मी म्हणालो.
पंखा फिरत राहिला.
"पाचशे! पाटी आहे, दगडाची आहे!"
पुढच्या बाई चष्मा पर्समध्ये ठेवत होत्या.

आमच्या घरात दोन पाट्या होत्या.
एक आईच्या डोक्यावर, मानेवर पाणी गाळणारी.
एक माझ्या मांडीवर, चौथीपर्यंत.
आईची मान गेली त्या साली
पहिली बहिणीच्या डोक्यावर चढली,
दुसरी मिठाच्या बरणीचं झाकण झाली.

बंदराचा नियम आहे:
पुकारणाऱ्यानं बोली लावायची नाही.
लावली तर उद्या त्याच्या तोंडचा भाव कुणी धरत नाही.
आणखी एक नियम आहे, तो कुणी बोलून दाखवत नाही:
शेवटची पाटी विकायची नसते,
ज्याच्या जाळ्यात काही आलं नाही त्याच्या दारात ठेवायची.
दोन्ही नियम हॉलमध्ये एकमेकांवर आपटले
आणि माझ्याच तोंडून निघालं,
"बावीसशे."

खिशात तेवढेच होते, जाळ्याच्या दोरीचे.
कुणी तरी हसलं.
आयोजक बाई कागद चाळू लागल्या, असं चालतं का.
"बावीसशे, एक वार.
बावीसशे, दोन वार."
तिसऱ्याला घसा बसला.
हजारो वेळा म्हटलेला आकडा,
आणि स्वतःच्या नावानं म्हणवेना.

मागच्या रांगेत, वडापनं आलेली,
आयुष्यात पहिल्यांदा हॉलच्या खुर्चीत बसलेली सुगंधा
उठून उभी राहिली.
"तीन वार!" बाजारातल्या आवाजात.
"बांधा."

पावतीवर त्या शाळेच्या गावाचं नाव आहे.
मी अक्षर अक्षर जोडून वाचतो,
दर वेळी निराळंच गाव होतं.
चित्र बर्फाच्या पेटीवर टांगलंय.
दमट हवेनं बिघडेल, सुगंधा म्हणते,
पण खिळा तिनंच ठोकला.

काल घरात कुणी नव्हतं.
फराट्यावर बोट ठेवून बघितलं,
ओलं वाटलं.
मग पेन्सिल शोधली, पाटीची, पांढरी.
सापडलं ते फक्त हिशोबाचं बॉलपेन.